देवडीवरची चौकशी

‘वाडा बघायचा तर आधी दाराशी थांबा,’ असं जुन्या वाड्यांची लाकडं उतरवणारा एक सुतार पुण्यात बोलून गेला आणि प्रवाशाने मेणवली गाठायचं ठरवलं. वाईच्या लॉजवर डासांनी डोळ्याला डोळा लागू दिला नाही. उजाडताच ढोल्या गणपतीला हात जोडून तो निघाला. वसईच्या मोहिमेतून आलेली मेणवलीतली पोर्तुगीज घंटा बघायची त्याने मागे ठेवली. नाना फडणीसांच्या वाड्याचं दार आधी.

पेशवाईतल्या वाड्यांची रचना ठरलेली. दोन जाड फळ्यांचा दरवाजा, एका फळीत माणूस वाकूनच शिरेल एवढी दिंडी, आत पहारेकऱ्यांच्या देवड्या, मग चौक. सगळ्यात देखणा तो अडसर. रात्री दोन्ही फळ्यांमागून आडवा ओढायचा, सकाळी पुन्हा भिंतीच्या पोटात ढकलायचा.

दिंडी ठेंगणी का? जाणकार लढाईचं कारण देतात: वाकलेली मान पहारेकऱ्याच्या तलवारीखाली येते. प्रवाशाला हे पटत नाही. फौज चालून आली तर ती दिंडीतून एकेक करून कशाला शिरेल? नाना कारभारी माणूस. त्यांच्या दाराशी येणार ते वकील, जासूद, सावकार, कुळं. आला तो कोणाकडून, त्याला कुठल्या चौकापर्यंत सोडायचं, हे देवडीवर ठरायचं. इतिहाससंशोधक पारसनिसांनी उजेडात आणलेलं मेणवली दफ्तर बघितलं की या घराचा खरा व्यवहार कागदाचा होता हे कळतं.

लढाईचा बंदोबस्त बघायचा तर सांगलीला जावं. मिरजेच्या काकांपासून वेगळं होऊन चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ मध्ये सांगलीला राजधानी केली. त्यांच्या गणेशदुर्गाभोवती खंदक होता.

साताऱ्यात मात्र दाराचा अर्थच बदलतो. प्रतापसिंह महाराजांच्या काळातल्या जुन्या राजवाड्यात पुढे सरकारी हायस्कूल भरू लागलं. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथे इंग्रजी पहिलीत एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर. छत्रपतींच्या राजवाड्यात महार सुभेदाराचा मुलगा विद्यार्थी म्हणून शिरला. दार उघडलं, तरी वर्गात गोणपाटावर वेगळं बसणं सुटलं नव्हतं. बाबासाहेबांनी ते स्वतः लिहून ठेवलं आहे. दिवाणखान्यांच्या नक्षीवर पानंच्या पानं लिहिली जातात, या प्रवेशाइतकी मोठी घटना त्या दिवाणखान्यांपैकी फार थोड्यांनी बघितली असेल.

२०१७ पासून ७ नोव्हेंबर राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. साताऱ्याला जाणाऱ्यांनी कासची गाडी पकडण्याआधी राजवाड्याच्या दाराशी जरूर थांबावं.