पंप फ्लोअरखाली

महिंद्राच्या जुन्या सीजे-3बी जीपचा ब्रेक पंप बॉनेटखाली शोधून सापडत नाही. तो ड्रायव्हरच्या पायाखाली, चॅसीला लटकलेला असतो. फ्लोअरच्या पत्र्यातलं झाकण काढलं की दिसतो. भोरमधल्या एका घरी अशी जीप वडिलांच्या तरुणपणापासून आहे. तिथल्या थोरल्या मुलाची गाडीशी ओळख झाली ती या झाकणापासून. वडील पेडलवर बसलेले, मिस्त्री गाडीखाली आडवे, "दाबा... धरा... सोडा" चाललेलं, आणि नळीतून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत मुलाने पंपात ब्रेक ऑइल ओतत राहायचं. लाइनमधली हवा काढायचं हे काम त्याला शाळेत असतानाच पाठ झालं होतं.

त्या जीपला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते आणि चारही चाकांना एकाच लाइनचं ऑइल. एका व्हील सिलेंडरचं रबर फाटलं की सगळीच चाकं मोकळी. मग उरायचा हँडब्रेक. तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागच्या शाफ्टवर असतो आणि त्याला ऑइलची गरज नसते. वरंध घाटातून महाडकडे उतरताना वडील पेडलला जपून हात, म्हणजे पाय लावत. "इंजिनावर उतरवायची," एवढंच सांगत आणि खालचा गिअर टाकत. ड्रम एकदा तापले की पेडल दाबूनही गाडी पुढेच जाते, हे त्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

पेट्रोल परवडेना तेव्हा जीपमध्ये डिझेल इंजिन बसलं. तालुक्यातल्या निम्म्या जीपांचं तेच झालं होतं. नवं इंजिन जड होतं, म्हणून पुढे मुलाने ब्रेकला व्हॅक्यूम बूस्टर लावून घेतला, आणि पेडल दगडासारखं कडक झालं. मिस्त्रींनी आधी बूस्टर बदलला, मग पंप. दोष दोन्हींत नव्हता. पेट्रोल इंजिनात हवेची वाट थ्रॉटलने अडते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये ओढ तयार होते आणि बूस्टर त्या ओढीवर चालतो. डिझेलला असा थ्रॉटल नाही. त्याला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या शेपटाला असतो. या जीपचं इंजिन आलं एका गाडीचं आणि अल्टरनेटर दुसऱ्या गाडीचा, पंप नसलेला. पंपवाला बसवला तेव्हा पेडल नरम झालं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारायचं, पाय तसाच दाबून धरायचा आणि गाडी चालू करायची. पेडल किंचित खाली बसलं तर बूस्टर काम करतोय. ही चाचणी आजही तो कुणाचीही जीप पाहताना सगळ्यात आधी करतो.

मग टायर मोठे झाले. मूळचे सुमारे 28 इंच व्यासाचे, नवे 31 इंची. ब्रेक तेच राहिले, तरी रस्त्यावर पोचणारी त्यांची पकड जवळजवळ दहाव्या हिश्शाने घटली. इंजिनाची पकडही तेवढीच सैल पडली, म्हणजे वडिलांचा घाटातला आधारही. यावरचा इलाज म्हणून एका गॅरेजने पुढच्या चाकांना डिस्क बसवून दिल्या.

खरी परीक्षा इथे सुरू झाली. गावात जीप झकास थांबायची. हमरस्त्याला लागली की पेडल हळूहळू वर यायचं, पुढची चाकं तापायची, वास यायचा आणि शेवटी गाडी हलायची नाही. तासभर उभी ठेवली की पुन्हा सुरळीत. कॅलिपर जाम असेल म्हणून ते खोलून साफ झाले. फरक पडला नाही. तेव्हा त्याने सुटे भाग बदलणं थांबवलं आणि चाक जाम असतानाच जीप जॅकवर घेतली. कॅलिपरवरचं हवा काढायचं निपल सैल करताच ऑइलची पिचकारी उडाली आणि चाक मोकळं फिरलं. म्हणजे पाय काढल्यावरही दाब आत अडकून राहत होता. पुढच्या वेळी निपलला हात न लावता पंपाजवळचा पाइप सैल केला; चाक सुटलं. म्हणजे रबरी होज आतून फुगलेली नव्हती. त्याच्या पुढच्या वेळी पाइप तसाच ठेवून पंप आणि बूस्टर यांच्यामधले नट थोडे ढिले केले. चाक जागचं हललं नाही. म्हणजे बूस्टरचा दांडाही पंपाला रेटून धरत नव्हता. राहिला पंपाचा आतला भाग.

पंप ड्रमसाठी बनलेला होता. ड्रमच्या व्हील सिलेंडरची रबरं पसरलेली राहावीत, त्यातून हवा शिरू नये, म्हणून अशा पंपात छोटा व्हॉल्व्ह असतो. तो लाइनमध्ये साधारण 10 पीएसआय दाब कायम राखतो. ड्रममध्ये स्प्रिंग शूजना मागे खेचते, त्यामुळे तो दाब खपून जातो. डिस्कला अशी स्प्रिंग नसते; पॅड घासत राहतो, तापतो, ऑइल तापून फुगतं आणि दाब आणखी चढतो. व्हॉल्व्ह नुसता काढून टाकूनही भागणार नव्हतं, कारण पंप फ्लोअरखाली आणि कॅलिपर त्याच्यापेक्षा वर. उभ्या गाडीत ऑइल मागे उतरलं असतं. पुढच्या लाइनला 2 पीएसआयचा व्हॉल्व्ह लागला, मागच्या ड्रमना 10चा ठेवला. प्रत्येक भाग आपापल्या जागी शाबूत होता, एकमेकांशी त्यांचं जमत नव्हतं. कंपनीच्या गाडीत हा जमाखर्च कुणीतरी आधी मांडलेला असतो. बदललेल्या गाडीत तो मालकालाच मांडावा लागतो, आणि त्याच्या मते यात जराही सूट नाही.

मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडकू नयेत म्हणून त्याने दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्हही बसवला. सीजे-3बीच्या पुढच्या-मागच्या आसांत अंतर जेमतेम 80 इंच. ओल्या उतारावर मागची चाकं अडकली तर एवढी आखूड गाडी क्षणात आडवी होते.

सर्वोच्च न्यायालयाने 9 जानेवारी 2019 रोजी मोटार वाहन कायद्याच्या कलम 52चा अर्थ लावताना सांगितलं, की कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असे बदल गाडीत करता येणार नाहीत. जीपवाल्या मित्रांत त्यावर बरीच नाराजी झाली. त्याला मात्र तो नियम पटतो. घाटात समोरून एसटी येत असते, आणि एसटीतल्या माणसांनी या जीपचा पंप तपासलेला नसतो.

आता जीप त्याची मुलगी चालवते. दर पावसाळ्याआधी ब्रेक ऑइल तीच बदलते, कारण ते हवेतलं पाणी शोषतं: डॉट 3 ऑइलचा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान 205 अंश, पाणी मुरलं की 140 अंशांपर्यंत उतरू शकतो. गेल्या दिवाळीत तिने विषय काढला, "बाबा, मान्यता असलेलं किट मिळालं तर हिला इलेक्ट्रिक करूया का?" मोटर कुठली, बॅटरी केवढी, हे त्याने विचारलंच नाही. "इंजिन गेलं की अल्टरनेटरही जाणार. मग बूस्टरचा व्हॅक्यूम कुठून आणशील?" तिने वहीचं पान पुढे सरकवलं. वेगळा इलेक्ट्रिक व्हॅक्यूम पंप त्यात सगळ्यात वर लिहिलेला होता, आणि त्याखाली बॅटरीच्या वजनाने मागच्या व्हॉल्व्हचं सेटिंग किती बदलेल, याचा अर्धवट हिशेब. तो पुरा करायला दोघं बसली.