बाबांचा रुपया

आमच्या शाळेत निवृत्त होणाऱ्या शिक्षकाला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ देण्याची प्रथा होती. ज्याला आता घंटेचे बंधन उरले नाही त्याला घड्याळ का द्यावे, हे कोडे मला कधीच उलगडले नाही. 30 जून 2009 रोजी ते घड्याळ मलाही मिळाले. वसईतील एका अनुदानित शाळेत मी 34 वर्षे गणित शिकवले होते. समारंभात एका सहकाऱ्याने, सरांचे गणित कधी चुकत नाही, असे भाषणात सांगितले आणि मी मान लववून ते मान्यही केले.

त्याला तसे कारण होते. निवृत्तीची तयारी मी पाच वर्षे आधीपासून चालवली होती. एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत भविष्य निर्वाह निधी किती, उपदान किती, निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणातून एकरकमी किती हाती येणार आणि त्यामुळे दरमहा किती घटणार, हे सारे मांडले होते. अंशराशीत विकलेला हिस्सा 15 वर्षांनी पूर्ववत होतो. तेव्हा माझे वय 73 असेल, हेही त्यात होते. हाती आलेल्या रकमेतून 10 लाख रुपये मी डाकघरातील ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले. तेव्हा दर 9 टक्के होता. दर तिमाहीला 22,500 रुपये येत. थोरल्याच्या पुण्यातील सदनिकेसाठी काही रक्कम दिली, पण तीही मोजून. राहते घर मात्र कोणाच्याही नावे करावयाचे नाही, हे मी पक्के ठरवले होते.

हा निश्चय वडिलांमुळे झाला होता. बाबा वाडीवाले. केळी आणि पानवेल यांवर त्यांनी आम्हा तिघा भावांना वाढवले. पहाटे रहाटाचा आवाज ऐकून आम्ही जागे होत असू. शेतकऱ्याला निवृत्तीचे वय नसते. कंबर वाकली की तो निवृत्त. बाबांची कंबर 1983 साली वाकली. त्यांनी तिन्ही मुलांना बोलावले आणि, तुम्ही भांडू नये म्हणून, असे म्हणत सगळी वाडी बक्षीसपत्राने आमच्या नावे करून टाकली. कागदावर कसलीही अट नव्हती. बापाने मुलांना अटी घालायच्या, ही कल्पनाच त्यांना अभद्र वाटली असती. (2007 च्या कायद्याने ज्येष्ठांना एक सोय दिली आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि ती अट मोडली गेली तर ते हस्तांतर रद्द ठरवून घेता येते. बाबांच्या वेळी हा कायदा नव्हता; आणि असता तरी बाबा त्या वाटेला गेले नसते.)

आम्ही त्यांना उपाशी ठेवले नाही. औषधपाणी केले, धडके कपडे दिले. तरीही त्यांच्या शेवटच्या आठ वर्षांतले एक दृश्य माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. रविवारी मिस्साला निघण्याच्या वेळी बाबा ओट्यावर येऊन उभे राहत. काही बोलत नसत. कोणाचे तरी लक्ष गेले की मुलगा वा नातू त्यांच्या हातावर रुपया ठेवी. तो दानाच्या थैलीत टाकण्यासाठी. एकदा घाईत आम्ही सगळेच विसरलो. थैली बाकावरून फिरत आली तेव्हा त्यांनी रिकामी मूठ आत घातली आणि बाहेर काढली. मी शेजारीच होतो. शेजारच्यांना कळले नाही, मला कळले. ज्याच्या घामाची जमीन आम्ही तिघे वाटून बसलो होतो, त्याची ती मूठ होती.

आपल्यावर ही पाळी येऊ द्यावयाची नाही, एवढ्यासाठीच माझी वही होती.

2013 च्या पावसाळ्यात माझ्या छातीत कळ आली. मुंबईच्या एका रुग्णालयात हलवले. तातडीने बायपास करावी लागेल, आधी 50,000 रुपये भरा, असे पत्नीला सांगण्यात आले. थोरला पुण्याहून निघाला होता, धाकटी दवाखान्याच्या वाटेवर होती. बँकेचे कार्ड माझ्या पाकिटात होते, पण त्याचा क्रमांक माझ्या डोक्यात. धनादेशांवर सही फक्त माझी चालत होती. लोखंडी कपाटाची किल्ली तिला ठाऊक होती, आतल्या पासबुकांपैकी कोणते चालू आणि कोणते बंद ते ठाऊक नव्हते. त्या रात्री तिने मंडळातल्या बायकांच्या भिशीतून पैसे उभे केले. चार घरी फोन करून दीड तासात. ही भिशी ती अकरा वर्षे चालवत होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता, हे मला नंतर कळले.

घरी आल्यावर मी काहीसा चिडूनच म्हणालो, “कपाटात सगळे लिहून ठेवले होते. वही उघडायची होतीस.”

ती म्हणाली, “अहो, ती वही तुम्ही मला कधी दाखवलीत?”

मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, ती जे बोलली ते मी जसेच्या तसे लिहितो. “बाबांचा रुपया तुम्हांला दिसला. दर रविवारी मी तुमच्याकडून दहा रुपये मागून घेते, ते नाही दिसले.”

मी उत्तर शोधू लागलो. घरात तिला काही कमी नव्हते, हे उत्तर होते. पण बाबांनाही काही कमी नव्हते. लग्नाला तेव्हा 35 वर्षे झाली होती, आणि दर रविवारी निघताना ती ओट्यावर थांबते हे मी इतकी वर्षे पाहिले होते. ती कुलूप लावण्यासाठी थांबते असा माझा समज होता.

त्यानंतरच्या वर्षी माझी ठेव मुदत संपून मोकळी झाली. तोवर पत्नीची साठी पूर्ण झाली होती. ते 10 लाख आम्ही तिच्या नावे, पहिली ठेवीदार म्हणून, नव्याने ठेवले. दर तेव्हा 9.2 टक्के होता. पहिल्या तिमाहीचे 23,000 रुपये तिच्या स्वतंत्र खात्यात जमा झाले तेव्हा ती पासबुक भरून घ्यायला एकटी डाकघरात गेली आणि तासभर रांगेत उभी राहून आली. मी सोबत येतो म्हटल्यावर नको म्हणाली.

वहीदेखील मी पुन्हा मांडली, या वेळी तिला समोर बसवून. मांडताना माझ्या लक्षात आले की पहिल्या वहीतल्या प्रत्येक पानावर मी जिवंत होतो. माझ्यामागे काय, हा स्तंभच नव्हता. शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मे मला निवृत्तिवेतन. माझ्या पश्चात तिला कुटुंब निवृत्तिवेतन 30 टक्के, सुरुवातीच्या काही वर्षांचा अपवाद सोडला तर. म्हणजे जिथे मला शंभर मिळतात तिथे तिला साठ. माणूस एक कमी झाला म्हणून तांदूळ निम्मा लागेल, हे खरे. परंतु विजेचे बिल, घरपट्टी, पावसाआधीची कौलांची डागडुजी आणि गुडघ्यांची औषधे यांना घरात माणसे किती हे कळत नाही. बायका नवऱ्यांपेक्षा बहुधा अधिक जगतात, त्यातून ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तिच्या एकटीच्या 10-12 वर्षांचा हिशेब गणिताच्या शिक्षकाने केलाच नव्हता.

मृत्युपत्राचेही तसेच. सगळीकडे तिचे नाव नामनिर्देशित आहे, तेवढे पुरे, असे मी समजत होतो. वकिलांनी समजावले की नामनिर्देशित व्यक्ती पैसे स्वीकारणारी विश्वस्त असते, मालक नव्हे. मालकी वारसाहक्काने ठरते. आपल्याला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले दोन तृतीयांश मुलामुलींना सारखे. मुलीला मुलाइतकेच, ही त्यातली उत्तम गोष्ट. आपल्याकडे पुष्कळ घरांत मुलीकडून सही घेऊन ती गुंडाळून ठेवतात, ते वेगळे. पण पत्नीच्या कानात एक तृतीयांश एवढाच शब्द राहिला. “म्हणजे माझ्या घराच्या दोन खोल्या मुलांच्या, आणि मी एकीत,” ती म्हणाली. आम्ही दोघांनीही मृत्युपत्रे केली. साक्षीदार म्हणून सुनेला बसवणार होतो, घरातली शिकलेली म्हणून. वकिलांनी वेळीच थांबवले. जो साक्षीदार असतो त्याला वा त्याच्या जोडीदाराला मृत्युपत्राने दिलेले दान निरर्थक ठरते. सुनेच्या एका सहीने थोरल्याचा हिस्सा गेला असता. अखेर शेजारच्या दोघांनी सह्या केल्या आणि चहा पिऊन गेले.

व्याजाविषयी एक सांगितले पाहिजे. 2019 साली तिची ठेव तीन वर्षांसाठी वाढवली, आणि 2022 च्या जुलैत नव्याने ठेवली तेव्हा दर 7.4 टक्क्यांवर उतरला होता. रक्कम तीच, पण 23,000 च्या जागी 18,500. आठ वर्षांत बाजारात कशाचा भाव उतरला ते मला आठवत नाही. पुढच्याच वर्षी, 2023 च्या एप्रिलपासून, दर 8.2 झाला आणि ठेवीची मर्यादा 15 लाखांवरून 30 लाख झाली. आमची ठेव मात्र जुन्या दरात अडकलेली. निवृत्तीच्या दिवशी पुरेसे वाटणारे व्याज पंधराव्या वर्षी पुरेल असे धरून चालणे ही माझी दुसरी चूक. अंशराशीत विकलेला हिस्सा 2024 मध्ये पूर्ववत झाला म्हणून ती निभावली.

आमच्या पिढीला निवृत्तिवेतन तरी आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर राज्याच्या सेवेत आलेल्यांना ती जुनी योजना लागू नव्हती. आमचा जावई खाजगी कारखान्यात आहे. त्याच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत 2014 पासून किमान रक्कम ठरली ती महिना 1,000 रुपये. त्याला हे सांगितले की तो हसून विषय बदलतो. त्याचे वय 44 आहे. मी त्याच्या वयाचा असताना मुलांच्या शिक्षणापलीकडे काही दिसत नव्हते, त्यामुळे फार बोलण्याचा मला अधिकार नाही. मुलीला मात्र एक वही आणून दिली आहे.

ते घड्याळ अजून भिंतीवर आहे. मध्यंतरी बंद पडले होते, पत्नीने सेल बदलून आणला. गेल्या रविवारी चर्चला निघताना मी खिसे चाचपले तर पाचशेची एकच नोट. कुलूप लावून ती ओट्यावर आली, माझ्याकडे पाहिले, आपल्या पाकिटातून पन्नासाची नोट काढून माझ्या हातावर ठेवली आणि पुढे चालू लागली. घरी परतल्यावर तिने ती वहीत लिहिली. माझ्या नावावर, उसने म्हणून.