जांघेतील कळ

आपल्या घरांत ‘कंबर दुखते’ या दोन शब्दांत इतकी दुखणी कोंबलेली असतात की, नेमके कोठे दुखते हे विचारण्याचे कोणाला सुचतच नाही. आमच्या वहिनींचे तसेच झाले. कळ जांघेत येई. शेक आणि लेप मात्र दोन वर्षे कंबरेला चालू होते.

कार्तिकात रामघाटावर दिवा सोडण्याचा त्यांचा नेम. उज्जैनकरांना तो घाट सांगावयास नको. क्षिप्रेलगतच्या पायरीवर उकिडवे बसल्याखेरीज हात पाण्याला लागत नाही, आणि नेमके तेच त्यांना अशक्य होऊन बसले. बसताना जांघेत सुरी फिरल्यासारखे होई, उठताना आत ‘कट्’ असे वाजे. अखेर त्या वरच उभ्या राहू लागल्या. वय अवघे ४६.

पुढे एका अस्थितज्ज्ञांनी दुखरी जागा हाताने दाखवावयास सांगितली. वहिनींनी अंगठा मागे व बोटे जांघेकडे अशी खुब्याला पकड घातली. त्या खुणेनेच रोगाचा माग लागला.

खुबा हा उखळीचा सांधा. त्याच्या खोबणीच्या काठाला तंतुमय कूर्चेची कड असते. तिला लॅब्रम म्हणतात. कुकरच्या झाकणातील रबरी कड्याप्रमाणे ती सांध्यातील वंगण आत धरून ठेवते. मांडीच्या हाडाची मान किंवा खोबणीचा काठ जरा अधिक वाढलेला असला, की खोल वाकताना हाडे एकमेकांवर आदळतात आणि मधली कड चिरडून फाटते. बर्नचे शल्यविशारद राइनहोल्ड गान्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हे आदळणेच पुढील संधिवाताचे एक मूळ असल्याचे मांडले. खोबणी उथळ असली किंवा मार बसला, तरीही कड फाटू शकते. तिला रक्त मिळते ते मुख्यतः बाहेरच्या काठाशी. म्हणून चीर सहसा आपोआप भरून येत नाही.

क्ष-किरणात हाडांची घडण दिसते, कड दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो. अहवालातील ‘फाटली आहे’ या शब्दांनी आमच्या घरात रडारड झाली. वास्तविक काहीही न दुखणाऱ्या अनेकांच्या चित्रांतही अशी चीर आढळते. चित्र आणि तक्रार जुळली तरच तिला महत्त्व. आम्हांस हे कोणी आधी सांगितले असते तर एक रात्र तरी सुखाची गेली असती!

बहुधा आरंभ व्यायामाने होतो: नितंबाचे व पोटाचे स्नायू बळकट करणे, उकिडवे बसणे व बुटके आसन टाळणे. काही महिन्यांत उतार न पडल्यास दुर्बिणीतून कड शिवतात व वाढीव हाड तासतात. ब्रिटनमध्ये अशा आदळणाऱ्या खुब्याच्या ३४८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०१८) वर्षाअखेरीस दोन्ही उपायांनी गुण आला. शस्त्रक्रियेने काहीसा अधिक. सांधाच झिजून गेला असेल तर मात्र कड शिवून फारसे साधत नाही.

वहिनींना शस्त्रक्रिया लागली नाही. देवापुढे खुर्ची आली. सासूबाई चार दिवस धुसफुसल्या. दिवा आता मुलगी सोडते. व्यायाम मात्र रोज पहाटे चालतो, आणि त्या वेळी चहासाठी मारलेली हाक वहिनींना खपत नाही.