सुई कोणाच्या हाती

शल्यचिकित्सा ही आजही निम्म्याने कारागिरी आहे आणि कारागिरी वरिष्ठाच्या शेजारी उभे राहूनच हाती येते. म्हणून वंचित समाजांतील विद्यार्थी ही शाखा का स्वीकारतात वा टाळतात, याचे उत्तर प्रवेशयादीपेक्षा शस्त्रक्रियागृहात शोधावे लागते.

सोलापूरच्या डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात यंत्रमाग कामगाराचे किंवा विड्या वळणाऱ्या आईचे मूल पोहोचते, तेव्हा त्याच्यापुढे आधी वर्षांचा हिशेब उभा राहतो. एमबीबीएसची साडेपाच वर्षे, एमएसची ३, पुढे एमसीएच या अतिविशेष पदवीची आणखी ३, शिवाय बंधपत्राची सेवा. आणि एमसीएचच्या पायरीवर जातनिहाय राखीव जागाही नाहीत. घर लवकर सावरायचे असेल, तर क्ष-किरणशास्त्र वा त्वचारोगशास्त्राकडे वळण्यात भित्रेपणा मुळीच नाही.

तरीही ओढ असते. सिव्हिल रुग्णालयाच्या वॉर्डात तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणारा रुग्ण ज्याला आपले दुखणे विनासायास सांगू शकतो, त्या विद्यार्थ्याला आपले येथे असणे किती मोलाचे आहे हे लवकर उमगते. शिवाय या शहराचा जगाला ठाऊक असलेला डॉक्टर शल्यविशारदच होता: १९३८ मध्ये चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी, तेथेच निधन पावलेले द्वारकानाथ कोटणीस.

खरी गाळणी मात्र प्रवेशानंतर लागते. प्रवेशपरीक्षेची उत्तरे तपासताना आडनाव दिसत नाही. युनिटमध्ये, म्हणजे एका प्रमुखाच्या हाताखालील डॉक्टरांच्या चमूत, आडनाव, अडखळते इंग्रजी आणि स्त्री असणे हे सारे दिसते. ‘वॉश होणे’, म्हणजे हात निर्जंतुक करून शस्त्रक्रियेत सामील होणे, कोणाच्या वाट्याला येते आणि हर्नियाची पहिली केस कोणाला मिळते, हे बहुधा वरिष्ठांच्या मर्जीवर ठरते. ज्याच्या वाट्याला तीन वर्षे ड्रेसिंग आणि रक्ताचे नमुनेच आले, त्याचा हात कसा बसणार? स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्र हीदेखील शस्त्रक्रियेचीच शाखा. त्या शाखेच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी डॉ. पायल तडवी यांनी मे २०१९ मध्ये मुंबईत आत्महत्या केली, कुटुंबाने जातीय छळाचा आरोप केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. अशी बातमी खेड्यापाड्यांतील वसतिगृहांतही वाचली जाते, आणि पुढची मुलगी शाखा निवडताना ती विसरत नाही.

राखीव जागा दारापर्यंत नेते. सुई हाती देण्याचा अधिकार तिला नाही. कोणत्या निवासी डॉक्टराने कोणती शस्त्रक्रिया स्वतःच्या हातांनी केली, याची नोंद ज्याच्या त्याच्या लॉगबुकात बंद न ठेवता प्रत्येक युनिटने ती दरमहा भिंतीवर लावावी.