सीमारेषेची लांबी

फ्रॅक्टल भूमितीचा विषय निघाला की बेन्वा मॅन्डेलब्रॉट यांचे नाव घेतले जाते आणि केऑस सिद्धान्ताचा निघाला की एडवर्ड लॉरेन्झ यांचे. या दोन्ही वाटांवर ज्यांची पावले आधी उमटली, ते लुईस फ्राय रिचर्डसन मात्र क्वचितच कोणाला आठवतात. याची आम्हांला फार रुखरुख वाटते.

रिचर्डसन हे इंग्रज, क्वेकर पंथाचे. शस्त्र हाती धरायचे नाही म्हणून १९१६ ते १९१९ या काळात ते फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवीत होते. तेथेच, फावल्या वेळी, त्यांनी हवामानाचे भाकीत गणिताने करून पाहिले. २० मे १९१० या उलटून गेलेल्या दिवसाच्या नोंदी घेऊन सहा तासांत वायुदाब किती बदलेल, एवढेच काढायचे होते. उत्तर आले १४५ मिलिबार. प्रत्यक्षात दाब जवळजवळ हललाच नव्हता! हे फसलेले उत्तर त्यांनी १९२२ च्या आपल्या ग्रंथात जसेच्या तसे छापले. आमचा आदर प्रथम त्या पानांना आहे.

नोंदींतील असमतोलामुळे ते गणित फसले. तो केऑस नव्हे. केऑस दिसला लॉरेन्झ यांना, १९६१ साली. ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा त्यांनी संगणकात भरला आणि दोनेक महिन्यांचे काल्पनिक हवामान पार निराळे झाले.

हवामान कार्यालय १९२० साली हवाई मंत्रालयाच्या ताब्यात जाताच रिचर्डसन यांनी नोकरी सोडली. पुढे ते युद्धाच्या कारणांकडे वळले. दोन देशांची सामाईक सीमा किती लांब, यावर त्यांच्यातील युद्धाचा संभव अवलंबून असेल काय? बांधावरून वैर धरणारी माणसे आम्ही लहानपणापासून पाहिली आहेत. आम्हांला हा प्रश्न भाबडा वाटत नाही. पण सीमांच्या लांबीचे आकडेच जुळेनात. स्पेन-पोर्तुगाल सीमा कोठे ९८७ किलोमीटर, तर कोठे १२१४. मोजपट्टी जितकी आखूड, तितकी अधिक वळणे तिच्यात सापडतात आणि लांबी वाढत जाते, हे त्यांनी नोंदले.

रिचर्डसन १९५३ साली वारले. हे टिपण १९६१ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या आधारे मॅन्डेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्यावर निबंध लिहिला, रिचर्डसन यांचे ऋण त्यात मान्य केले, आणि १९७५ साली फ्रॅक्टल हा शब्द घडविला. युद्धाचा प्रश्न तेवढा मागे राहिला.