जिभेचा दोष

शुगर ही जिभेची शिक्षा आहे, असं मी बरीच वर्षं मानत आलो. खाण्यावर ताबा नसेल त्याला ती होते, असेल तो सुटतो. लातुरात नीटच्या मुलांना जीवशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हे शोभत नाही, पण होतं असंच. फळ्यावर मी स्वादुपिंड काढायचो, यकृत काढायचो, इन्सुलिनचा बाण एकीकडे, ग्लुकागॉनचा दुसरीकडे. मेंदूकडे एकही बाण जात नव्हता. मेंदूनं फक्त ‘नको’ म्हणायचं, एवढंच त्याचं काम.

नांदेडला थोरल्या भावाकडे वहिनींना शुगर निघाली. अंगानं त्या स्थूल. पुतणीच्या लग्नात वाढपी जिलेबी घेऊन त्यांच्या पानापाशी आला, तेव्हा मी हात आडवा केला. ‘त्यांना नको. वहिनी, जिभेला जरा आवर घाला.’ शेजारच्या बायका हसल्या. वहिनींनी पानातला भातही तसाच टाकला. मला वाटलं, मी काळजीपोटी बोललो. खरं तर त्यात काळजी थोडी आणि माझ्या सडसडीत अंगाचा तोरा जास्त होता.

पुढे वर्गात एका मुलीनं विचारलं, ‘सर, आमचे पप्पा अडतीवर हमाल आहेत. लई बारीक आहेत. मग त्यांना शुगर कशी?’ मनात पहिलं आलं ते असं : चोरून गोड खात असतील, नाहीतर पीत असतील. तोंडानं म्हणालो, उद्या सांगतो.

त्या रात्री पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं काम वाचलं. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो एकत्र छापून आला होता. बीएमआय दोघांचा एकच, २२.३. शरीरातली चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१. बारीक दिसणाऱ्या आपल्या माणसांत चरबी लपलेली असते. मुलीला उत्तर मिळालं, पण माझं मत शाबूतच राहिलं : खाणं वाढलं की चरबी, चरबी वाढली की शुगर.

ते फुटलं लेप्टिनपाशी. १९९४ मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलेलं हे संप्रेरक चरबीच्याच पेशी बनवतात. साठा पुरेसा आहे, हे ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला कळवतं. आता काही मोजक्या रुग्णांच्या अंगात चरबी जवळपास नसतेच, म्हणून लेप्टिनही अगदी कमी. माझ्या हिशेबानं त्यांची शुगर उत्तम हवी. पण त्यांची भूक अनावर असते आणि मधुमेह भलताच कडवा. २००२ मध्ये अशा ९ रुग्णांना चार महिने लेप्टिन टोचल्याचा अहवाल आला. मधुमेह असलेल्यांचं एचबीएवनसी, म्हणजे गेल्या काही महिन्यांची साखर दाखवणारा आकडा, सरासरी १.९ टक्केबिंदूंनी उतरलं होतं.

मी लगेच पळवाट काढली : कमी खाल्लं असेल, म्हणून उतरलं. २००५ च्या एका प्रयोगानं तीही बंद केली. ज्यांच्यात लेप्टिन ओळखणारे रिसेप्टरच नव्हते, अशा उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या एका छोट्या भागात ते परत बसवले. वजन थोडंच घटलं, उंदीर लठ्ठच राहिले, आणि रक्तातली साखर मात्र जवळजवळ ताळ्यावर आली. म्हणजे मेंदू नुसता तोंडाला आवरत नाही, साखरेचा कारभारही पाहतो.

तिथे मी पुस्तक मिटलं आणि बसून राहिलो. स्थूल माणसाच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देत नाही. मग वहिनींची भूक खोटी कशी म्हणायची? जिच्याशी मला कधी झुंजावंच लागलं नाही, ती भूक जिंकल्याची फुशारकी मी आयुष्यभर मारत आलो होतो.

पथ्य फोल आहे, असं मी म्हणत नाही. नेहमीच्या मधुमेहावर लेप्टिन हे औषध ठरलेलं नाही. वहिनींच्या गोळ्या, चालणं, मोजून भाकरी, सगळं चालूच आहे. पण गेल्या दिवाळीत मी त्यांना विचारलं, ‘वहिनी, जेवल्यावरही भूक लागते का?’

‘लागते की. पण सांगायचं कुणाला, भाऊजी? सगळे हसतात.’

हसणाऱ्यांत पहिला कोण होता, ते त्या बोलल्या नाहीत. तो विषय मलाच काढायचा आहे, आणि अजून काढलेला नाही.