तांबड्या ओळींची गोष्ट

गतवर्षी सहामाही परीक्षा आटोपल्यावर आम्ही दहावीच्या चौघांनी ग्रंथालयाची यादी तपासण्याचे काम आपण होऊन अंगावर घेतले. नोंदवहीतील क्रमांक कपाटांतील क्रमांकांशी ताडून पाहणारा एक लहानसा प्रोग्राम आम्ही लिहिला. पुस्तक सापडले तर ओळ हिरवी, न सापडले तर तांबडी, अशी आमची योजना होती. टर्मिनलमध्ये सारे यथास्थित दिसे. पुढे सोयीसाठी तोच प्रोग्राम आम्ही एडिटरच्या आउटपुट-खिडकीत चालविला, तो काय! रंग नाहीसे झाले आणि प्रत्येक ओळीच्या आरंभी एक रिकामी चौकट, एक कंस, ३१ किंवा ३२ हा आकडा आणि ‘एम’ हे अक्षर येऊन बसले. शिवाय किती काम झाले हे सांगणारा, एकाच जागी बदलत राहावयाचा आकडा शंभर वेळा छापून निघाला.

या दुसऱ्या प्रकाराचा उलगडा आमच्यातील एकाच्या आजोबांनी केला. त्यांचे आयुष्य कचेरीत टाइपरायटरवर गेले. ते म्हणाले, “अरे, दांडी न ओढता गाडी नुसती हाताने मागे सारली, तर कागद वर सरकत नाही, नवी अक्षरे जुन्यांवरच पडतात.” नेमके तेच घडत होते! १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतमालेत १२८ संकेत आहेत. त्यांपैकी ० ते ३१ आणि १२७ हे अक्षरे नसून यंत्रास दिलेले हुकूम होत. ७ ने घंटा वाजते, १० ने कागद एक ओळ सरकतो, १३ ने गाडी मागे येते. २७ व्या संकेताचे नाव ‘एस्केप’; यापुढील काही अक्षरे छापू नका, त्यांचा हुकूम पाळा, असा त्याचा अर्थ. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनलमुळे ही रीत फार पसरली. आमच्या खिडकीला मात्र हुकूम कळत नव्हते. ती बिचारी जे येईल ते छापीत होती.

आम्ही उतावळेपणाने ‘एस्केप’पासून ‘एम’पर्यंतचा सारा मजकूर पुसून टाकला आणि स्वच्छ झालेली यादी छापून ग्रंथपालबाईंच्या हाती दिली. हिरव्या-तांबड्याचा भेद त्या पुसण्यातच गेला होता. बाईंनी हरवलेली पुस्तके कोणती म्हणून विचारले, तेव्हा आम्ही आठवणीने खुणा केल्या. त्यांतील एक खूण चुकली, आणि आठवीतील एका मुलीला, तिने महिन्यापूर्वीच परत केलेल्या पुस्तकाबद्दल, वर्गासमोर जाब द्यावा लागला. पुस्तक कपाटातच होते. आम्ही तिच्या घरी जाऊन क्षमा मागितली. तिच्या आईने चहा दिला, तो घशाखाली उतरेना.

मग आम्ही पुसणे सोडून वाचणे आरंभिले. ३१ आला की ओळीपुढे ‘गहाळ’ हा शब्द, ३२ आला की ‘आहे’. एकटा १३ आला, तर त्या ओळीवर नवा मजकूर चढवावयाचा. तरीही मधूनच एखादा ‘१एम’ उरे. दोन दिवसांनी कारण सापडले: मजकूर खिडकीत तुकड्यातुकड्यांनी येतो आणि कधी हुकूमच मधोमध तुटतो. आता अर्धवट हुकूम आम्ही पुढचा तुकडा येईपर्यंत राखून ठेवतो.

नवी यादी आम्ही कपाटांशी पुन्हा, एकेक पुस्तक हाती घेऊन, ताडून पाहिली आणि मगच बाईंना दिली. सातव्या संकेताची घंटा तेवढी अद्याप वाजत नाही. आजोबा भेटले की प्रथम तिचीच चौकशी करतात.